विसानंतर लाभ

"वीस, वीस, वीस..." करत पुंजारामानं पायली गोपीकिशन शेठच्या जाजमावर उपडी केली, रिकामी पायली पुन्हा ज्वारीच्या राशीत खुपसली, वरचे दाणे हाताच्या कडेनं सपाट केले आणि त्याच्या तोंडून निघालं, "लाभ."

समोर उकिडवा बसलेला राशीचा मालक कारभारी चमकला. ज्वारी विकत घेणाऱ्या गोपीकिशन शेठचा पानाचा डबा उघडता उघडता राहिला.

लाभ म्हणजे एक. परतूरच्या बाजारात धान्य मापताना पहिल्या पायलीला कोणी एक म्हणत नसे. मापाची सुरुवात लाभानं करायची, मग दोन, तीन असं वर चढायचं, आणि पुढची पायली ओतेपर्यंत तोच आकडा तोंडात घोळवत ठेवायचा, म्हणजे तो हरवत नाही. माप चालू असताना मापाड्यानं दुसरा शब्द बोलायचा नाही. लाभ एका राशीला एकदाच येतो हे बाजारातल्या शेळ्यांनाही ठाऊक असेल. आणि आकडा मोडलाच, तर मापलेलं सगळं परत राशीत ओतायचं आणि पहिल्यापासून मापायचं. बावीस वर्षांत पुंजारामावर ही पाळी एकदाही आली नव्हती. देणारा आणि घेणारा, दोघंही स्वतः मोजायच्या भानगडीत पडत नसत. पुंजाराम म्हणेल तो आकडा.

आज तो आकडा त्याच्यापाशी नव्हता. सदऱ्याच्या आत काळीज बेफाम पळत होतं, कानात धाडधाड वाजत होतं, आणि मागं किती विशा झाल्या हे त्याला काही केल्या आठवेना.

हे दुखणं जुनं होतं. मापाडी झाला त्याच साली, ऐन सुगीत, भर दुपारी अंगणात दोरी वळत बसला असताना ते पहिल्यांदा आलं. काही कारण नाही, काही नाही. काळजानं एक ठोका चुकवला आणि जे पळत सुटलं ते थांबेचना. हातातली दोरी गळाली. त्याची बायको साळूबाई शेजारीच दाणे पाखडत होती.

"साळे, काळीज पळून राह्यलं माझं. मी मरतो आता."

साळूबाईनं सूप खाली ठेवलं आणि त्याच्याकडं नीट बघून घेतलं. "मरणारा माणूस इतकं बोलत न्हाई," ती म्हणाली. मग उठून मागं येऊन बसली, त्याच्या पाठीवर तळवा ठेवला आणि मानेपासून कमरेपर्यंत सावकाश फिरवत म्हणाली, "लाभ... लाभ... लाभ..." हात पुन्हा वर नेला. "दोन... दोन... दोन..."

लग्नानंतर वर्षभर ती बाजाराच्या कडेला मेथी-आंबाडी विकायला बसली होती, तिथं मापाड्यांचे आकडे ऐकून ऐकून तिला ही चाल पाठ झाली होती. मोजणं मात्र हातापायाच्या बोटांपुरतं. वीस झाले की तिची गाडी थांबायची.

"पुढं?" त्यानं त्या अवस्थेतही विचारलं. मापाडीच तो.

"पुढचं मला कुठं येतंय? पुन्हा लाभ." हात मानेवर गेला. "तुमच्या काळजाला तरी काय कळतंय विसाच्या पुढचं?"

तिसऱ्या विशीत कुठंतरी छातीत धप्पकन एक ठोका पडला आणि काळीज आपल्या चालीवर आलं. पुंजाराम घामानं भिजला होता. आणि त्याला हसू येत होतं.

नंतर तिच्याच आग्रहानं तो हकीमसाहेबांकडं गेला होता. म्हाताऱ्या हकीमसाहेबांनी नाडीवर तीन बोटं ठेवून डोळे मिटले, बराच वेळ उघडलेच नाहीत. याला वाटलं, झोपले. मग म्हणाले, "डरो नक्को जी. भागताय तो भागने दो. पलट को घर आताय." डाळिंबाचं सरबत प्यायला सांगितलं. ते त्यानं इमानानं प्यायलं. काळीज पळायचं तेव्हा पळतच राहिलं.

खरं सांगायचं तर पळणाऱ्या काळजापेक्षा त्याची वाट बघण्यानंच माणूस जास्त झिजला. महिना महिना काही व्हायचं नाही, पण पुंजाराम रोज सकाळी उठून आधी छातीवर हात ठेवायचा. त्यानं विहिरीत उतरणं सोडलं, जत्रा सोडल्या, काचीगुड्याच्या आगगाडीत बसणं सोडलं. गाडीत आलं तर उतरायचं कुठं? मेहुण्याच्या लग्नाला जालन्याला जायचं होतं तर सगळी मंडळी गाडीनं गेली आणि हे दोघं बैलगाडीत दोन दिवस. साळूबाई एका शब्दानं कुरकुरली नाही. वाटेत माळावर तिनं दगडांची चूल मांडून पिठलं केलं. त्या पिठल्याची आठवण निघाली की पुंजाराम अजूनही मान हलवायचा. सगळ्या आयुष्यात त्यांनी केलेला मोठा प्रवास तेवढाच.

बाहेर यातलं कोणाला काही ठाऊक नव्हतं. ज्याला आपलं काळीज आवरत नाही त्याच्या हाती पायली कोण देईल, ही त्याची धास्ती. बाजारात एकदोनदा आलं तेव्हा तो आकडा जरा लांबवायचा, पायली जरा सावकाश भरायचा आणि निभावून न्यायचा. घरी आल्यावर पाठीवर तो हात होताच.

गेल्या भादव्यात साळूबाई तापानं गेली. सहा दिवसांत आटोपलं. तिला काळजाचं काही नव्हतं. ती आपल्यामागं राहील, हेच पुंजाराम बावीस वर्षं धरून चालला होता. या एका मापात तो पुरता चुकला.

तेव्हापासून दुखणं वाढलं. घरात एकटा बसून तो स्वतःच मोजायचा, तिच्याच चालीवर, तिच्याच आवाजात म्हटलं तरी चालेल. वीस झाले की पुन्हा लाभ. पुढचे आकडे येत असूनही त्यानं घरात विसापुढं कधी पाऊल टाकलं नाही. आणि आज कारभारीची रास मापताना छातीत सुरू झालं, डोळ्यापुढं अंगण आलं, आणि जीभ आपोआप तिच्या वाटेनं गेली. आताचा लाभ मोठ्यानं निघाला एवढंच. याच्या आधीचे किती तोंडातल्या तोंडात जिरले होते, देव जाणे.

जाजमावरचा ढीग बघून वाटत होतं, तीन विशा झाल्या असाव्यात. एकसष्ट म्हणून पुढं चालू लागला असता तर जीभ घसरली म्हणून दोघांनीही सोडून दिलं असतं. पण दोनच झाल्या असतील तर शेठ वीस पायल्यांना बुडणार होता, आणि चार झाल्या असतील तर कारभारी. मुकाट्यानं आकडा पुढं ढकलावा, की बावीस वर्षं लपवलेलं सगळं आज बाजारात उघडं करावं?

त्यानं भरलेली पायली राशीत रिती केली आणि पालथी ठेवली.

"मोडलं," तो म्हणाला. "आकडा मोडला. परत ओता."

"परत?" कारभारीचा आवाज चढला. "आवो मापाडी, दिवस बुडायच्या आत आष्टी गाठायची व्हती मला. झाल्या असतील तेवढ्या झाल्या. पुढं चला की."

"न्हाई जमायचं. किती झाल्या ते मला ठावं न्हाई."

"पुंजारामजी," शेठ हळूच म्हणाला, "तबियत बराबर हाये ना?"

मग पुंजारामानं सांगून टाकलं. "शेठजी, काळीज पळतंय माझं. आता बी पळून राह्यलंय. आजचं न्हाई, बावीस वर्सं झाली. कोणाला बोललो न्हाई. तुमी दुसरा मापाडी बोलवा. मी आता ह्या पायलीला हात लावत न्हाई."

शेजारच्या राशीवरचं माप आकडा घोळवत चालू होतं. कारभारीनं एकदा सूर्याकडं बघितलं. मग त्यानं डोक्याचं पागोटं काढून गाडीच्या जुवावर ठेवलं, जाजमाशी गुडघे टेकले आणि दोन्ही हातांनी ज्वारी परत राशीत लोटायला लागला.

"तुमच्याबिगर दुसऱ्याचं माप माझ्या बापानं घेतलं न्हाई," तो खाली बघतच म्हणाला. "मी काय घेऊ? बसा जरा. पाणी प्या. मंग मापा."

"मी तरी तुमच्यासारखा दुसरा कुठून आणू?" शेठ म्हणाला आणि स्वतः उठून पाण्याचा तांब्या घेऊन आला.

पाणी पिऊन, तोंडावर मारून पुंजाराम बसून राहिला. छातीत अजून धडधडत होतं. रास पुन्हा पहिल्यासारखी झाली.

"मला एका दमात वीसच झेपतील," अखेर तो म्हणाला. "विसाला मी थांबल. पुन्हा लाभापासून धरल. मागच्या विशा कोणीतरी सांभाळाव्या लागतील."

कारभारीनं गाडीच्या चाकाजवळचे चार खडे उचलले. "विशीला एक खडा. शेठ, चालतंय?"

"बिलकुल चालतंय."

पुंजारामानं पायली भरली. "लाभ... लाभ... लाभ..." ओतली. "दोन... दोन... दोन..." या खेपेला त्यानं चाल लपवली नाही. विसाला कारभारीनं खडा ठेवला, आणि पुन्हा लाभ. दुसऱ्या विशीत तेरावर असताना छातीत धप्पकन ठोका पडला आणि काळीज चालीवर आलं. पुंजाराम क्षणभर थांबला, मग पुढं मापत राहिला. शेवटी तीन खडे पडले आणि वर अठरा पायल्या निघाल्या. अठ्ठ्याहत्तर.

रीतीप्रमाणं कारभारीनं तळाची ओंजळभर ज्वारी मापाड्याच्या उपरण्यात टाकली, पागोटं चढवलं आणि गाडी जुंपली. ऊन कलायला लागलं होतं. जाताना तो म्हणाला, "पुढच्या सुगीला बी तुमीच. खडे मी घेऊन येतो."

गोपीकिशन शेठनं अर्धवट राहिलेलं पान आता लावलं. त्याला एक गोष्ट कळत नव्हती. "पुंजारामजी, दम लागतो म्हणून थांबलात, ते बराबर. पण मंग एकवीस म्हणून पुढं जायचं. फिरून लाभ कशापायी?"

पुंजाराम उपरण्याला गाठ मारत होता.

"आमच्या घरात तसंच मोजतेत," तो म्हणाला, आणि गाठ नीट बसली का ते दोनदा ओढून बघितलं.