लाल फडक्यातली कादंबरी

मी एक कादंबरी बोलतेय. साधीसुधी नव्हे हं, बदनाम कादंबरी. नाव नाही सांगणार. सांगितलं तर नाशिकमधली साठीच्या पुढची काही मंडळी आजही आधी इकडेतिकडे बघतील आणि मग हळूच म्हणतील, "हां, ती होय." त्यांच्यापैकी एकानेही मला वाचलेलं नसेल, हे मात्र मी छातीठोकपणे सांगते.

मला लिहिणारी बाई टपाल खात्यात कारकून होती. खिळे जुळवून छापण्याचे दिवस होते ते. जुळारी माझं एक पान जुळवता जुळवता थांबला आणि मालकाला जाऊन म्हणाला, "शेठ, हे असंच ठेवायचं का?" मालकाने चष्मा लावून पान वाचलं. पुन्हा एकदा वाचलं. "असंच ठेव," तो म्हणाला, "उलट थोड्या प्रती जास्तच काढू." माझ्या बदनामीची सुरुवात अशी एका व्यवहारी माणसाच्या चष्म्यातून झाली.

माझ्या पोटात आहे तरी काय? मालन नावाच्या एका बाईची गोष्ट. मालनचा नवरा चांगला होता. दारू पीत नव्हता, हात उगारत नव्हता, सणाला लुगडं आणत होता. तो मारकुटा असता तर लोकांनी मालनला पदरात घेतलं असतं. पण ही बाई एका रात्री त्याला शांतपणे म्हणते, "तुमच्या हाताचा मला कंटाळा आलाय. मला इथं राहायचं नाही." तेच ते पान. त्या एका पानावरून गावोगाव सभा झाल्या.

त्या सभा व्हायच्या आधी मी मेनरोडवरच्या एका दुकानाच्या काचेआड उभी होते. नवं लग्न झालेलं एक जोडपं साडी घ्यायला आलं होतं. नवरा खंडेराव, मखमलाबादकडचा, झेंडू-निशिगंध लावणाऱ्या घरातला. बायको नवसाबाई, नांदगावची, बारावी झालेली. साडी घेऊन झाल्यावर ती त्याला म्हणाली, "एक पुस्तक घ्यायचं का?" त्या काळात सासरी जाणाऱ्या पोरीने असं मागणं म्हणजे थोडं धाडसच. खंडेराव हसला आणि दुकानदाराला म्हणाला, "ते निळं द्या." मी निळी होते. बस, एवढ्यावर माझं लग्न लागलं.

नवसाबाई मला दुपारी वाचायची, फुलांचे वाफे भिजत असायचे तेव्हा. बांधावर बसून, एक डोळा पाटाच्या पाण्याकडे आणि एक माझ्याकडे. कितीदा पाणी वाफा फोडून बाहेर गेलं आणि तिला बोलणी बसली. पण मला खरं सांगू? तसं मला पुन्हा कुणीच वाचलं नाही. पहिल्या पानापासून, क्रमाने, घाई न करता. त्या पानाशी आली तेव्हा मला वाटलं, आता ही मला मिटणार. तिने मिटलं नाही. फक्त खालचा ओठ दातांत धरून बसून राहिली आणि मग पान उलटलं.

थोडीच पानं उरली होती तेव्हा गलका सुरू झाला. माझ्या नावाने मोर्चा निघाला, चौकात प्रती जाळल्या. जाळणारे एकमेकांना विचारत होते, "पान कोणतं, पान कोणतं?" गावात सांगून गेले, कुणाच्या घरात असेल तर आणून टाका. इकडे माझ्या लेखिकेची लांब कुठेतरी बदली झाली. तिने पुन्हा काही लिहिल्याचं माझ्या कानावर नाही.

नवसाबाईने मला देवाच्या कपाटातल्या एका लाल फडक्यात गुंडाळलं आणि वर गाठ मारली. तेवढ्यात तिची सासू, बायडाबाई, मागे येऊन उभी राहिली.

"काय गं ते?"

"माहेरची पोथी हाय, आत्याबाई."

बायडाबाईला अक्षरओळख नव्हती, पण भक्ती मात्र लय. तिने मला दोन्ही हातांनी घेतलं, कपाळाला लावलं आणि थेट देव्हाऱ्यात नेऊन ठेवलं. वर हळद, कुंकू, एक झेंडूचं फूल. चौकात माझ्या बहिणी जळत होत्या आणि इथे माझी पूजा चालली होती. हसावं की रडावं मला कळेना.

त्याच संध्याकाळी खंडेराव चौकातून घरी आला. हात धुता धुता म्हणाला, "ते निळं पुस्तक टाकलंस ना गं कुठंतरी? बरं केलंस. शेवटी ती बाई गंगेत जीव देती म्हणे."

नवसाबाईने त्याला हात पुसायला पंचा दिला. गंगा म्हणजे आमची गोदावरी. मी फडक्यात होते, मला तोंड असतं तर ओरडून सांगितलं असतं.

आता एक गोष्ट सांगायची राहिली. त्याच दिवसांत नांदगावला तिच्या मामाने खटपट करून तिचा डी.एड.ला नंबर लावून दिला होता. दोन वर्षं माहेरी राहून शिकायचं होतं. तिने कपड्यांची बॅगसुद्धा भरून ठेवली होती. नको असं तिला कुणीच म्हणालं नाही. खंडेराव एवढंच म्हणाला, "बघू की पुढच्या वर्षी." एरवी ती भांडली असती, निदान रुसली तरी असती. त्या आठवड्यात तिने मुकाट्याने बॅग रिकामी केली. मग शेखर झाला, आणि पुढचं वर्ष काही आलं नाही.

मी देव्हाऱ्यातच राहिले. दर गुरुवारी फूल, सणाला नैवेद्य. बायडाबाईइतका मान मला कुणी दिला नाही, हे मी कबूल करते. पण पुस्तकाला मान घेऊन काय करायचं? मला बोटं हवी होती. पान उलटताना अंगठ्याचा लागलेला ओला मातीचा डाग हवा होता. देव्हाऱ्याच्या फटीतून वाऱ्यावर निशिगंधाचा वास आला की मला बांधावरची ती दुपार आठवायची आणि माझ्या शेवटच्या पानांना कसंतरी व्हायचं.

पुढे बायडाबाई गेली. देव्हारा नवसाबाईच्या हातात आला. मला वाटलं, आता सुटले. एका दुपारी घरात कुणी नसताना तिने मला मांडीवर घेतलं, गाठीला हात घातला. गाठ निम्मी सुटली. तिथेच तिचा हात थांबला. मग तिने गाठ पुन्हा आवळली. असं एकदा नाही, कितीदा तरी झालं. आधी मला राग यायचा. नंतर समजलं. मालन बुडाली असेल तर वाईट, आणि जगली असेल तर त्याहून वाईट. दोन्हींपैकी कशालाही सामोरं जायची तिची तयारी नव्हती.

मग साखरेच्या आजाराने तिच्या डोळ्यांचा पडदा नेला. आता तिला उजेड कळतो, माणसाची सावली कळते, पण अक्षर दिसत नाही. त्या दिवसापासून मी आशा सोडली.

मळा बिल्डरला गेला. गेल्या वर्षी सगळे फ्लॅटमध्ये राहायला निघाले. शेखरने भंगलेल्या मूर्ती, देवांची जुनी कॅलेंडरं आणि पोथ्या एका पिशवीत भरल्या. पोथी रद्दीत देत नाहीत, गंगेवर नेऊन सोडतात. त्या पिशवीत मीही होते. नवसाबाई म्हणाली, "मी पण येते." गाडीत ती पिशवी मांडीवर घेऊन बसली आणि वरूनच माझ्यावरून हात फिरवत राहिली. मला वाटत होतं, बाई, आता तरी बोल. ज्या पाण्यात मालनला लोकांनी उगाच बुडवलं, त्याच पाण्यात मी खरोखर बुडायला निघाले होते.

रामकुंडाजवळ निर्माल्यासाठी मोठाले कलश ठेवलेत. तिथल्या सफाईवाल्या बाईने शेखरला अडवलं. "दादा, पाण्यात काही सोडायचं नाही. आणि फडकं वेगळं, कागद वेगळा. बांधलेलं घेत नाही आम्ही."

शेखरने कुरकुर करत गाठ सोडली. इतक्या वर्षांनी माझ्या अंगावर ऊन पडलं. माझ्या निळ्या मुखपृष्ठावर केस मोकळे सोडलेली एक बाई आहे, पाठमोरी. शेखर तिच्याकडे बघतच राहिला.

"आई, हे काय आहे? ही तर कादंबरी आहे."

नवसाबाईने हात पुढे केला. "दे इकडं. माझी हाय ती."

"अगं, मी दहावीला हिच्या पाया पडून गेलो होतो."

"मग पास झालास ना?"

शेखरची मुलगी निकिता, अकरावीतली, पोट धरून हसायला लागली. नवसाबाईच्या चेहऱ्यावर हसू नव्हतं. मला छातीशी धरून ती तिला म्हणाली, "निकी, मला वाचून दाखवशील का गं? थोडीच राहिलीय माझी."

फ्लॅटच्या गॅलरीत वाचन सुरू झालं. निकिताने आधी मोबाईलवर माझी सगळी कीर्ती शोधून काढली आणि झटकन ते पान उघडलं. तसं मी आपसूक तिथेच उघडते, तो माझा नाइलाज आहे. वाचून ती म्हणाली, "एवढंच? आजी, यात शॉकिंग काय आहे?"

तुम्हाला म्हणून सांगते, माझा चांगलाच अपमान झाला. जिच्यासाठी मोर्चे निघाले तिच्यावर ही पोरगी जांभई देते म्हणजे काय? पण नवसाबाई म्हणाली, "पहिल्यापासून वाच," आणि मी सगळं विसरले. रोज दुपारी थोडं थोडं. आत दिवाणखान्यात खंडेराव टीव्ही बघत बसलेला असायचा. पहिल्या दिवशी आवाज मोठा होता. दुसऱ्या दिवशी जरा कमी. मग एक दिवस टीव्ही लागलाच नाही, आणि त्याची खुर्ची सरकत सरकत गॅलरीच्या दारापर्यंत आली.

शेवटचं पान आलं. निकिता वाचत होती. मालनने शहरात एक खोली घेतली आहे. कारखान्यातून येते, चूल पेटवते, दोन भाकरी थापते. आयुष्यात पहिल्यांदा ती गरम भाकरी खाते, कुणाला वाढायचं नसतं म्हणून. मग भांडी घासते, दिवा मालवते आणि झोपते, कारण सकाळी कामाला जायचं असतं.

निकिता थांबली.

"पुढं?" नवसाबाईने विचारलं.

"संपली, आजी. पुढे कोरं पान आहे."

"मरत नाय ती?"

"नाही. झोपते फक्त."

नवसाबाईने दाराच्या दिशेने तोंड वळवलं. तिला त्याची सावली कळत होती. "अहो," ती म्हणाली, "तुम्ही तर म्हणला होता, ती गंगेत जीव देती."

खंडेराव वाईट माणूस नाही. आजही तिच्या डोळ्यांत औषधाचे थेंब तोच घालतो. त्याने खाली बघितलं आणि म्हणाला, "मी कुठं वाचली होती गं? लोकं म्हणत व्हती."

"मी आपली तिला मेलेलीच धरून चालले," नवसाबाई म्हणाली. आवाज चढला नव्हता. "ती जगतीय, असं नुसतं कळलं असतं, तर मी नांदगावला गेले असते."

निकिता एकदा आजोबांकडे, एकदा आजीकडे बघत राहिली. तिला नांदगावचं काही माहीत नव्हतं. मग तिनेच विचारलं, "नांदगावला कशाला, आजी?" आणि नवसाबाई तिला सांगू लागली, मामाचं नाव घेऊन, अगदी सुरुवातीपासून.

आता मी निकिताच्या कॉलेजच्या पुस्तकांत असते. हळदीचे डाग काही जात नाहीत. तिची मैत्रीण पूजा मला मागून गेली आहे, तिच्यानंतर आणखी कुणीतरी नंबर लावलाय म्हणे. मला कुणी वाईट म्हटलं तर आता मी मनावर घेत नाही. तुम्हाला आवडले नाही तर खुशाल टाकून द्या. पण कुणी बाई मला अर्धवट वाचून बसली असेल आणि दारात उभं राहून कुणी तिला माझा शेवट सांगत असेल, तर मध्ये पडा. तिला म्हणा, मालन मरत नाही. आणि आजच सांगा.