सतरा नंबरचा बिल्ला

मी सतरा नंबरचा बिल्ला बोलतोय. पितळेचा, गोल, वर एक भोक. तांबटाने आम्हा चाळीस जणांना एकाच पत्र्यातून कापलं, आकडे ठोकले आणि एका दवाखान्यात पाठवून दिलं. ठोकताना दुखलं का, असं विचाराल तर आठवत नाही. पितळेला फारसं काही होत नाही.

दवाखाना डॉक्टरांचा, पण राज्य कंपाउंडरचं. आल्या क्रमाने तो एकेकाच्या हातात बिल्ला ठेवायचा. नंबर पुकारला की बिल्ला परत द्यायचा, तो फळ्यावरच्या खिळ्याला अडकवायचा, आणि मगच आत जायचं. एकदा डॉक्टरांचे सासरे थेट आत निघाले, तर त्याने त्यांनाही तेवीस नंबर देऊन बाकावर बसवलं. सासरे दीड तास फुरंगटून बसले. डॉक्टरांना मनातून बरंच वाटलं असावं. लोक हसायचे, पण त्या दवाखान्यात कधी भांडण झालं नाही. मलाही त्या फळ्याचा अभिमान होता, खोटं कशाला बोलू?

मग तापाची साथ आली. त्यातल्या एका सकाळी बाकं भरून लोक भिंतीला टेकून उभे होते. कंपाउंडरची बायको आली, सोबत कॉलेजात जाणारी मुलगी. छातीत दुखतंय, डावा हात भरून आलाय, असं बायकोने हळूच सांगितलं. त्याने एकदा तिच्याकडे पाहिलं, एकदा लोकांकडे, आणि मला तिच्या हातात ठेवलं. आत तेव्हा आठवा पेशंट होता.

बारा नंबर एका शिक्षिकाबाईंचा होता. त्या उठून म्हणाल्या, माझ्या जागी यांना जाऊ द्या. कंपाउंडरने मान वर केली नाही.

"माझ्या घरचं माणूस आहे म्हणूनच नको. उद्या लोक माझ्या तोंडात शेण घालतील."

मुलगी चिडून उठली. आईने तिला हाताला धरून खाली बसवलं. "राहू दे गं. एवढ्या वर्षांत ऐकलं नाही, आता कसले ऐकतात."

अकरावा आत असताना आईची मान मुलीच्या खांद्यावर कलली. डॉक्टर धावत बाहेर आले, नाडी पाहिली आणि तिचा हात हलकेच मांडीवर ठेवला. मी तिच्या मुठीत होतो. मूठ गार होत गेली, एवढंच मला कळलं. कंपाउंडरने एकेक बोट उचलून ती उघडली, मला सदऱ्याला पुसलं आणि खिळ्याला अडकवलं. मग पुकारलं, "बारा."

कोणी उठलं नाही. शिक्षिकाबाईंनी आपला बिल्ला टेबलावर ठेवला आणि त्या निघून गेल्या. मागोमाग बाकीचे. दुसऱ्या दिवसापासून बिल्ला घ्यायला कोणी तयार होईना. ज्याचं कोपर दणकट तो आत. कंपाउंडर खुर्चीवर बसून नुसता बघत राहायचा. दोन महिन्यांनी त्याने काम सोडलं. मुलीने मला फळ्यावरून काढून पर्समध्ये टाकलं.

पुढे तिने कादंबरी लिहिली. तिच्यात मी आहे. मात्र तिथे बायको छाती धरते तेव्हा कंपाउंडर अख्खा फळा उपटून रस्त्यावर भिरकावतो आणि तिला उचलून आत नेतो. एका सभेत एक प्राध्यापक त्यावर तासभर बोलले. बिल्ले म्हणजे व्यवस्था, रस्त्यावर विखुरलेले बिल्ले म्हणजे तिचा अंत. टाळ्या पडल्या. मी पर्समध्ये रुमालाखाली होतो. साहेब, उलटं आहे, मला म्हणायचं होतं. फळा जागेवर होता तेव्हाच सगळं संपलं होतं. पण बिल्ल्याला कोण विचारतो?

गेल्या आठवड्यात ती वडिलांकडे गेली. इतक्या वर्षांत दोघांमध्ये त्या सकाळबद्दल एक शब्द झाला नव्हता. कादंबरी त्यांनी वाचून ठेवली होती.

"मी फळा फेकला नव्हता गं," ते म्हणाले.

"माहीत आहे, बाबा."

"मग तसं का लिहिलंस?"

"एकदा तरी तुम्ही तो फेकलेला मला बघायचा होता."

म्हाताऱ्याने बराच वेळ चष्मा पुसला. मग म्हणाले, "त्यात ती जगते. तेवढं पान वाचून दाखव." तिने वाचलं. त्यांनी पुन्हा वाचायला लावलं.

माझं एकच मागणं आहे. ती कादंबरी कधी तुमच्या हाती आली, तर माझं हे बोलणं त्या पानाशी ताडून बघू नका. तेवढं एक पान खरं असू द्या.