राखलेलं ताट

"निघ ना गं मेले, किती घासू तुला? हात सोलले माझे, तुझं काळं तोंड काही उजळत नाही!"

भिंतीपलीकडून मंगलाचा आवाज आला. मी अलीकडे गहू निवडत बसले होते. तिच्या शिव्या खायला समोर माणूस नव्हतं, भाताचं पातेलं होतं. भांड्यांशी बोलायची खोड त्या घरात सगळ्यांनाच लागली होती. माणसांशी बोलायचं म्हटलं की काय बोलायचं नाही, हेच आधी आठवावं लागे.

मी कुडाच्या भिंतीवरून डोकावले. "कशाला जीव काढतेस पोरी? चिमूटभर..." आणि जीभ चावली.

मंगलानं नुसतं वर बघितलं. चूल तिथंच दोन हातांवर होती, राखेनं भरलेली. गावातल्या झाडून सगळ्या मोऱ्यांवर बायका राखेनंच भांडी घासत. पण अप्पासाहेबांच्या घरात तो शब्दसुद्धा चालत नव्हता. चूल साफ करताना मंगला म्हणायची, "ते बाहेर टाकून येते."

अप्पासाहेब माझे चुलत दीर. वाडवडील होळकरांच्या घोडदळात. होळकरी गेली, मध्यभारत झालं, आता मध्यप्रदेश झाला नि राजधानी पार भोपाळला गेली. पण हे अजून गव्हाच्या बांधावर जायचे ते फेटा बांधून, पलटणीची हजेरी घ्यायला निघाल्यासारखे. सांवेरच्या अलीकडे, खान नदीच्या काठाला जमीन. माती काळी, चिकट; पावसात पाय सोडत नाही आणि उन्हाळ्यात भेगा अशा की कोकरू अडकावं.

गेल्याच्या आधीच्या भादव्यात हरी, त्यांचा एकुलता एक, मंगलाचा नवरा, चिंचेचं सार आणि भात जेवत होता. नदीकडून ओरडा आला, "म्हैस चालली वाहून!" ताट एका हातानं सारून तो तसाच उठला, हात न धुता. म्हैस संध्याकाळी आपल्या पायांनी घरी आली. हरी आला नाही. देहही सापडला नाही.

महिन्यानं भटजी आले. दर्भाचा पुतळा करून अग्नी देऊ म्हणाले, शास्त्रात आहे. माझी जाऊ द्वारकाबाई उंबऱ्यात उभी राहिली. "माझ्या जित्या पोराची राख करायला आलात? चला, निघा!"

त्या दिवसापासून तो शब्द घराबाहेर गेला. मंगलाचं कुंकू राहिलं. हरीचा पाट राहिला, आणि पाटापुढे रोज मांडलं जाणारं त्याचं रिकामं पितळी ताट. काठावर त्याचं नाव कोरलेलं, आणि नावाशेजारी चार बोटांचे डाग. चिंचेचा हात पितळेला लागून रात्रभर तसाच राहिलेला, ते काळपट उमटले ते उमटलेच. ते ताट द्वारकाबाईशिवाय कोणी विसळायचं नाही. कधी भरदुपारी, सगळे शेतात असताना, त्या ताटाचा ठण्ण आवाज भिंतीतून मला ऐकू यायचा. उंदीर असेल. मी कधी उठून पाहिलं नाही.

राख नाही म्हटल्यावर मंगलानं आधी माती वापरली. मातीनं चरे पडतात म्हणून द्वारकाबाई रागावली. मग पोरीनं रिठ्याचं पाणी काढलं. रिठे फोडून बिया काढायच्या, टरफलं रात्रभर गरम पाण्यात भिजवायची, सकाळी मडक्यात मंद आचेवर उकळायची, हातानं कुस्करून जुन्या धोतरातून पिळायची, वर मूठभर मीठ. काथ्यावर घेतलं की तूपकट ताटसुद्धा दोन हातांत स्वच्छ. पण पातेल्याच्या बुडाची काजळी त्याला दाद देत नव्हती आणि चार दिवसांत पाणी नासून वास मारे. लिंबाची सालं घातली असती तर टिकलं असतं, पितळही डाग जाऊन लखलखलं असतं. पण मोरीवर आंबट आणायचं नाही, हे त्या घरात मंगलाला न सांगता कळलं होतं.

आणि उकळताना ते दिसायचं कसं? तांबूस गढूळ पाणी, वर फेस, फेसाला भोवरे. थेट भादव्यातली खान. मडक्यातून गुडगुड आवाज यायचा, पाण्याखालून कोणी काही सांगावं तसा. द्वारकाबाई त्या वेळी चुलीकडे पाठ करून बसायची. मंगला मात्र टक लावून बघायची.

फाल्गुनात मंगलाचा भाऊ जयसिंगराव इंदूरच्या छत्रीबागेतून आला. सांवेरच्या बसमधून उतरून पायी, पांढरी पँट गुडघ्यापर्यंत धुळीनं माखलेली. त्या दिवशीही रिठे उकळत होते. मंगलानं लिंबाचं सरबत केलं. मीही जाऊन बसले. बोलावलं नव्हतं, पण शेजाऱ्याला बोलवावं लागतं का?

"आत्याबाई, सीधी बात करतो," जयसिंगराव द्वारकाबाईला म्हणाला. "मास्तरणी घडवायच्या शाळेत मंगलासाठी जागा आहे. सातवी पास आहे ती. सोमवारी हजर व्हायचं. तुमची हां पाहिजे फक्त."

"आणि इकडं हरी आला, बायको घरात नसली, तर त्याला काय सांगू? इंदूरला गेली शिकायला?"

जयसिंगरावनं अप्पासाहेबांकडे बघितलं. अप्पासाहेबांनी फेटा काढून मांडीवर घेतला आणि ते त्याची घडी तपासायला लागले.

"मामासाहेब, तुम्ही तरी..."

"गहू यंदा बरा आहे," अप्पासाहेब म्हणाले.

तेवढ्यात कामाला नवीनच लागलेली धापू पिळलेल्या लिंबांची ताटली घेऊन दारात आली. अस्सल माळव्याची बाई. मोकळ्या गळ्यानं तिनं विचारलं, "बई, ई छिलका कां राखूं?"

माळवीत राखणं म्हणजे ठेवणं. सालं कुठे ठेवू, एवढंच ती विचारत होती. हे काय आम्हाला कळत नव्हतं? पण कानांनी अर्धाच शब्द उचलला. द्वारकाबाईच्या हातातला पेला तसाच राहिला. मंगलानं पदर तोंडाशी नेला. धापू एकेकाकडे बघत राहिली, मग खांदे उडवून आत गेली आणि सालं सरळ उकळत्या मडक्यात टाकून मोकळी झाली.

संध्याकाळी मंगला परसात पाणी गाळत होती. मी भिंतीपाशी शेळीला पाला घालत होते. धोतराच्या फडक्यात टरफलांबरोबर पिवळी सालं आली. ती थांबली. सालं बोटांनी चिवडून पाहिली. पाणी उकिरड्यावर ओतून टाकणं काही अवघड नव्हतं. मग तिनं फडक्याला पीळ दिला, पुन्हा दिला, शेवटचा थेंब मडक्यात पडेपर्यंत.

सकाळी जयसिंगराव निघायच्या तयारीत, एकटाच. द्वारकाबाई मोरीवर बसली. काथ्या रिठ्याच्या पाण्यात बुडवून तिनं आधी तांब्या घेतला, मग घंगाळ. धापू हरखून ओरडली, "अरे वा बई, सोना सरीखो!" खरंच, दीड वर्षात त्या घराचं पितळ असं हसलं नव्हतं. द्वारकाबाईलाही बरं वाटलं असावं. हाताच्या भरात तिनं हरीचं ताट ओढलं आणि काथ्या फिरवला.

पाणी ओतलं. फेस वाहून गेला.

ताट लखलखत होतं. नाव होतं. डाग नव्हते.

तिनं ताट उन्हात धरलं, तिरकं केलं, पदरानं पुसलं. काठावर आपली चार बोटं ठेवून पाहिली. मी भिंतीपाशी, मंगला चुलीपाशी, अप्पासाहेब दारात. कोणाला हलता येईना. आता ही पोरीचा गळा धरते असं मला वाटलं. जयसिंगराव पिशवी घेऊन पुढे झाला, तोही थबकला.

"धापू," द्वारकाबाई म्हणाली. आवाज अगदी साधा, बाजारात भाव विचारावा तसा. "काल काय विचारत होतीस तू?"

धापू घाबरली. "बई, मने तो बस पूछ्यो, कां राखूं..."

"हां. कुठे राखू." तिनं मान हलवली. "मीही तेच विचारत होते बाई. कोणी सांगेना."

मग ती मंगलाकडे वळली. "तुला ठाऊक होतं, पाण्यात लिंबू आहे?"

मंगलाचे ओठ हलले. "हो, आत्याबाई."

द्वारकाबाईनं ताट मांडीवरून उचललं आणि सुनेपुढे धरलं.

"खूप राखलं गं. जयसिंगराव, थांबा, ती येतेय तुमच्याबरोबर. पण आधी, मंगला, चुलीतली राख आण. बघतेस काय? राख म्हणाले मी. पातेली घासायचीत. माझा हरी मेला."