नजरेचं कडं

निळा. एकच थेंब, डोळ्याच्या तळाशी सोडलेला, आणि तो पसरत पसरत पडद्यावरच्या पारदर्शक सायीला रंगवत चाललाय. साय आपली म्हणायची, सायीहून कितीतरी पातळ, नुसत्या डोळ्यांना दिसणारच नाही अशी... आणि डोक्यावर बांधलेल्या चष्म्यातून ती, ऑपरेशन करणारी डॉक्टर, त्या निळ्यात उतरते. पूर्वी सूक्ष्मदर्शकाला डोळे लावून मान मोडेपर्यंत वाकायचं. आता ताठ बसायचं, आणि समोरच्या हवेत तो डोळा तरंगतो, टेबलाएवढा, खोलगट, नारिंगी. मधोमध एक भोक. भोकाभोवतीची साय सोलायची, म्हणजे भोक आपलं आपण मिटतं. तिचा केसाएवढा चिमटा इथे सांडशीएवढा दिसतो, आणि त्याच्या टोकाखाली एक रेघ, पडद्यापासूनचं अंतर दाखवणारी. हिरवी म्हणजे निवांत. पिवळी म्हणजे जपून. लाल म्हणजे...

लाल म्हणजे कुलूप.

नको. आत्ता नको.

सकाळी बाहेरच्या बाकावर या पेशंटची बायको बसली होती. "बॅडमिंटनचं शटल लागलं म्हणून सांगितलंय ना त्यांनी? शटल नव्हतं, मॅडम. कुलूप होतं. मी मारलं." बस चुकल्याचं सांगावं तसं सांगितलं. "तेव्हापासून दोन महिने हात नेमका बसत नाही त्यांचा. अंदाज चुकतो. चौकटीवर बसतो, नाहीतर भिंतीवर. किती दिसेल आता?"

"चांगलं दिसेल. काळजी करू नका." रोजचं वाक्य, जिभेवर घोटून घोटून गुळगुळीत झालेलं. तोंडातून निघून गेलं.

"थोडं कमी नाही का ठेवता येणार?" आणि लगेच हसली, गंमत केल्यासारखी. समोरचा एक दात अर्धाच होता. पोलिसांकडे जा म्हटलं, तर म्हणाली, "दात तुटला तेव्हा इथेच आले होते, खालच्या मजल्यावर. सगळ्यांनी विचारलं. मग सगळे जेवायला गेले."

एका डोळ्याने अंतर कळत नाही, दोन लागतात. समोरचा गाल किती लांब आहे हे कळायला दोन डोळे लागतात, आणि दुसरा डोळा मी त्याला परत देतेय, काठाकाठाने, हळू, जपून...

"मॅडम, झोपलात की काय?" हिरव्या चादरीखालून आवाज आला. डोळा बधिर केलेला, पण माणूस टक्क जागा. बॅडमिंटन शिकवणारा. "लवकर बरं करा हो. मुलं हसतात मला. शटल इकडे, रॅकेट तिकडे. नुसती आंधळी कोशिंबीर."

सिस्टर हसल्या. पंतही हसला. पंत म्हणजे शेजारी बसलेला दुसरा डॉक्टर, कॉलेजपासूनचा जोडीदार. सगळं जुन्या कारकुनासारखं सावकाश करतो म्हणून पंत. तिचे दोन्ही हात मोकळे राहावेत म्हणून प्रकाशाची नळी त्याने धरली होती.

"मास्तर, बोलू नका. आणि हसू तर अजिबात नका," पंत म्हणाला. "तुम्ही हसलात की डोकं हलतं, आणि आमची हत्यारं आत आहेत."

"हत्यारं?"

"अवजारं हो. घाबरलात लगेच."

चिमटा सायीला टेकला. रेघ पिवळी. कडा उचलली गेली, निळी, लवलवती. सोलत चाललं. हात छान चालला होता. फक्त नजर...

हा चष्मा बघणाऱ्याच्या डोळ्यांवरही पाळत ठेवतो. ती जिथे बघेल तिथे एक हिरवं कडं उमटतं, आणि तिथला पडदा उभा कापल्यासारखा बाजूला दिसतो, थरावर थर. ते कडं पंतच्या चष्म्यातही दिसतं. कडं जाईल तिकडे त्याने प्रकाश न्यायचा, बोलायची गरजच नाही. आणि आता कडं भोकापाशी नव्हतं. ते सरकत सरकत नसेवर गेलं होतं, डोळ्यातून मेंदूकडे जाणाऱ्या त्या पांढऱ्या चकतीवर, जिथे आज काडीचंही काम नव्हतं. पाठोपाठ प्रकाशही गेला.

"अगं, तिकडे कुठे? काम इकडे आहे."

"नस बघतेय."

"नस ठणठणीत आहे."

ठणठणीत. एवढीशी, ठणठणीत, आणि चिमटा तिच्यात खुपसून एकदा पिळला तर... कोंबडीची मान पिळतात तसा, पिळून ओढला, निळं नारिंगी सगळं लाल होईपर्यंत ओढला, तर या डोळ्यात पुन्हा कधीच काही उमटणार नाही, ना शटल, ना गाल, ना कोपऱ्यात सरकत जाणारं कुणी. तिचा अर्धा दात. त्या दातावर बसलेला हात — मोठा असणार, घट्टे पडलेला — मुठीची हाडं ओठावर, ओठ दातावर, आणि मागे भिंत. मग भिंतीवर डोकं. मग पुन्हा. कुणी विचारलं तर सांगायचं, पेशंट हलला. आणि पेशंटला हलवायलाही काही लागत नाही. हसवायचं फक्त. एक विनोद. हसरा माणूस आहे...

कडं पुन्हा भोकाशी आलं. पुन्हा नसेवर गेलं. चष्म्यामागे डोळे लपत नव्हते. उलट इथेच ते उघडे पडले होते.

"मॅडम, काहीतरी बोला ना," चादरीखालून आवाज आला, या वेळी बारीक. "शांत झालं की मला कसंतरी होतं."

सायीची शेवटची पट्टी राहिली होती. चिमट्यात तिचं टोक. जिभेवर विनोद तयार, ओठांच्या आतल्या बाजूला टेकलेला. आणि प्रकाश नसेवर होता. पंतने तो तिथे नेऊन ठेवला होता, स्थिर, आणि या खेपेला काही विचारलं नव्हतं.

हात आता थरथरेल म्हणून ती थांबली. थरथरायलाच हवा. रागाने माणसाचा हात थरथरतो, तिला हे माहीत होतं, किंवा आजपर्यंत असं वाटत होतं. पण हात कधी नव्हे इतका शांत होता. रेघ पिवळ्यावर खिळलेली, टोक जागच्या जागी, सगळं अंतर तिच्या बोटांना तोंडपाठ. कसं हलकं वाटत होतं. हवं तिथे, हवं तेवढं, आणि समोरच्याला पत्ताही नाही. म्हणजे त्यालाही असंच वाटत असणार, हात उगारल्यावर आणि तो बसण्याआधी... नेम असा लागलेला असताना.

सकाळपासून उराशी धरलेली त्या माणसाची चीड तिने शोधली. सापडेना. तिच्या जागी एक स्वच्छ, गार मजा होती, आणि ती मजा त्याची की आपली, हे तिला ओळखता येईना.