न भरलेली हवा

चार टायरांत हवा भरायला वीस मिनिटं लागतात. तेवढाही धीर मला धरवला नाही. लोक म्हणतात, "ग्रोआ, तुझी काही चूक नाही." नाही कशी? माझीच चूक.

हिमनदीवरच्या लाकडी झोपडीत सकाळी कॉफी ओतताना माझ्या नवऱ्याच्या, केतिलच्या, छातीत कळ आली. दरदरून घाम फुटला. वादळात हेलिकॉप्टर उडेना. रुग्णवाहिका वाटेतल्या बिनपुलाच्या नदीपलीकडे थांबणार होती, कारण तिला पाण्यातून येता येत नाही. आमच्या उंच गाडीला येतं.

बर्फावर आम्ही टायरांतली हवा तीन पौंडांवर आणतो. टायर फतकल मारून पसरतो, म्हणून गाडी रुतत नाही. पण बर्फ संपून खडीचा रस्ता लागला की थांबायचं आणि गाडीतल्या पंपानं हवा पुन्हा पंचवीसपर्यंत भरायची. नाहीतर मऊ टायर प्रत्येक फेऱ्याला दुमडतो, तापतो आणि रिमवरून निसटतो. हे इथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे.

"हवा भर," खडी लागताच केतिल म्हणाला.

"गप्प बस रे! इथे जीव जायची वेळ आणि याला टायरांचं पडलंय!"

"मग हळू तरी चालव."

"लग्नाची चाळीस वर्षं माझ्यावर मास्तरकी केलीस, तेवढी पुरे."

"बरं बाई, तुझंच खरं."

चाळीस वर्षांत हा माणूस एकदाही असं म्हणाला नव्हता. तिथेच मी थांबायला हवं होतं. मी गाडी आणखी दामटली.

आठव्या किलोमीटरला पुढचा टायर निसटला, रिम खडीत घासत गेली. नदी अजून बारा किलोमीटर होती. मी जॅक लावला, पण टायर काही रिमवर बसेना. केतिल दार उघडून खाली उतरला आणि चाकाशी येऊन बसला. मी ओरडले तरी ऐकेना.

"रडू नकोस गं. आधी कडा पुसून घे... आता साबणाचं पाणी लाव... हं, आता हवा दे."

तो सांगेल तसं मी करत गेले. जन्मात पहिल्यांदा एका शब्दानं उलट बोलले नाही. टायर फुगत गेला आणि फाटकन रिमवर बसला.

"बसला रे, बसला!"

त्याची मान छातीवर पडली होती. मी त्याला हलवलं, गालावर चापट्या मारल्या, कॉलर धरून ओरडले, "केतिल, पुढे काय करू? अरे, सांग ना!"