आपोआप सुरू

राहून गेलेली ती ओळ तिनं आज सकाळी आल्या आल्या उभ्याउभ्याच लिहून टाकली आणि मग खुर्ची ओढली. हाताची खोड, दुसरं काय! अंडी उबवायच्या यंत्रात उष्णता वाढली की वाजणाऱ्या भोंग्याचा प्रोग्राम एका लिनक्स कंटेनरमध्ये होता, म्हणजे कंप्युटरच्या आतच केलेल्या वेगळ्या खोलीत. कंप्युटर चालू झाला की त्यानंही आपोआप चालू व्हावं, एवढंच ती ओळ सांगत होती. बसवताना तिनं तो हातानं चालू केला होता आणि झकास चालला होता. एकदा वीज घालवून बघावं, हे मेलं सुचलंच नाही.

काल दुपारी वीज गेली आणि आली. कंप्युटर उठला, कंटेनर झोपूनच राहिला. उबवणी यंत्राचा पंखा अडकला, आत उष्णता वाढत गेली आणि भोंगा काही वाजला नाही. आता मागच्या दारी माणसं ट्रेच्या ट्रे खड्ड्यात ओतत होती. काही अंड्यांतून चोची बाहेर आलेल्या होत्या.

मालक आत आले. मागून मामा, तिचा सख्खा मामा. जनरेटर त्याच्याकडे, आणि वीज आली की कंप्युटरचं बटण दाबायचं कामही त्याचंच.

"बटण दाबलं होतं मी, साहेब. अगदी लगेच."

"मग भोंगा का नाही बोंबलला?" मालक तिच्याकडे वळले. "बंद करून चालू कर बघू."

बोलायचं तर आत्ताच, हे तिला कळत होतं. तिनं बटण दाबलं. पडदा काळा झाला, पुन्हा उजळला, आणि भोंग्यानं चाचणीची किंकाळी फोडली.

"चालतोय की ठणठणीत!" मालक मामावर उखडले. "म्हणजे सगळं गेल्यावर गुपचूप दाबलंत. किल्ल्या ठेवा आणि निघा."

मामानं किल्ल्या टेबलावर ठेवल्या. मालक तरातरा निघून गेले, तरी तो तिथंच उभा.

"हल्ली विसरतो गं मी. परवा गॅस चालूच ठेवला, तुझी मामी केवढी ओरडली." त्याचा आवाज खाली आला. "पण बटण दाबल्याचं स्पष्ट आठवतंय. भास होतात की काय मला? तू शिकलेली आहेस, तूच सांग. दाबलं असेल का मी?"

तिनं कंप्युटरचा पडदा बंद केला. ही नोकरी त्यानंच मालकांच्या हातापाया पडून तिला लावून दिली होती.

"मामा," ती म्हणाली, "एकदा डॉक्टरांना दाखवून घेऊ या."