शनिवारचा फॉल्ट

दादा आणि मी मिळून दुरुस्तीचं दुकान चालवतो. जिन्याखालची खोली, एक लांब टेबल, दोन खुर्च्या आणि कोपऱ्यात मोरी. मला हे काम माझ्या या थोरल्या भावानेच शिकवलं, आणि शिकवलं तेही छळून. दर शनिवारी दुकान बंद करताना तो एका जुन्या अँप्लिफायरमध्ये मुद्दाम फॉल्ट करून ठेवायचा आणि तो माझ्यापुढे सरकवून कोडं घालायचा. ‘अंगावर रंगीत पट्टे, येणाऱ्याची वाट अडवतो’ म्हणजे रेझिस्टर. ‘घर वाचवायला आधी स्वतः मरतो’ म्हणजे फ्यूज. ही सोपी झाली; बाकीच्यांनी माझ्या नाकी नऊ आणले.

चहा संपायच्या आत फॉल्ट सापडला पाहिजे, आणि हरेल त्याने कप विसळायचे, असा नियम. मी कधी हरलो नाही. चहाचं पार थंड पाणी झालं तरी शेवटचा घोट कपात राखून शोधत बसायचो. ‘संपलाय कुठे चहा?’ म्हणायचो. दादा वैतागायचा, पण कप कायम तोच विसळायचा.

यंदा त्याने ‘एकाच बाजूने उघडणारं दार’ असं कोडं घातलं. मी डायोड तपासला, तो ठणठणीत. शेजारीच एक ड्राय सोल्डर सापडला. वरून चिकटल्यासारखा दिसणारा, आत तार न धरलेला. फसवलंस की, असं मी म्हटल्यावर दादाने झाकण परत लावून टाकलं. मग म्हणाला, कोड्यावर एवढा विश्वास ठेवू नये. पुढच्या शनिवारीही ड्राय सोल्डरच. त्याच्या पुढेही तेच. मला चेवच चढला. म्हातारा झालास, नवीन काही सुचत नाही, गुरूची विद्या गुरूला, असं काय काय बोललो. एकदा सकाळी वहिनी त्याच्या शर्टाची बटणं लावून देताना दिसल्या, तेव्हा ‘या वयात?’ म्हणून त्यावरही चिडवलं.

मग गाण्याच्या बाईंचा अँप्लिफायर परत आला. दादाने दुरुस्त केलेला, पण आवाज तुटत होता. उघडून पाहिलं तर आत तेच कच्चे सोल्डर, एक नाही, बरेच. दादाचा सोल्डर म्हणजे मोत्याचा दाणा, आणि गिऱ्हाइकाच्या मशीनमध्ये कोणी कोडी घालत नाही.

वहिनींना गाठलं. त्यांनी आधी उडवाउडवी केली, मग पदराने डोळे टिपले. हात थरथरतो, औषध चालू आहे, पण वाढतच चाललंय. तुम्हाला कळू देऊ नको म्हणून शपथ घातली आहे मला, म्हणाल्या. टेबलावरून उठवलं तर मी कशाला उरलो, असं विचारतात.

मला माझीच लाज वाटली. बाईंचं मशीन मी गुपचूप नीट करून दिलं, आणि ठरवलं की या शनिवारी हरायचं. निदान तेवढा तरी आनंद त्याला होऊ दे.

शनिवारी झाकण काढताक्षणी कच्चा सोल्डर दिसला. मी मुद्दाम भलतीकडे मीटर लावत राहिलो. मग कप उचलून चहा गटागट पिऊन टाकला.

“हरलो, दादा.”

मला वाटलं होतं, तो हसेल. तो माझ्या रिकाम्या कपाकडे बघत राहिला.

“हिने सांगितलं का तुला?”

“काय सांगितलं? कोणी काही नाही सांगितलं.”

“मग तू हरलास कसा?”

दादाने आपल्या सोल्डरिंग आयर्नची पिन काढली, वायर हळूहळू गुंडाळली आणि ते माझ्या खुर्चीसमोर आणून ठेवलं. मग दोन्ही कप उचलले. मी हरलोय, मी विसळतो, म्हणत मी उठलो.

“बस तू,” तो म्हणाला आणि मोरीकडे गेला.

नळ मोठा सोडला होता त्याने, तरी कपावर कप किणकिणत होते.